राजकीय दंगलीत सामील झालेल्यांना शिक्षा किती? कडक आणि सौम्य, समोरासमोर ठेवून

जानेवारी १९२३ मध्ये गोरखपूरच्या सत्र न्यायालयाने चौरीचौराच्या खटल्यात १७२ जणांना फाशी सुनावली. आदल्या वर्षी ४ फेब्रुवारीला जमावाने पोलीस ठाणं पेटवलं होतं आणि बावीस-तेवीस पोलीस मारले गेले होते. अपिलात मदनमोहन मालवीय आरोपींच्या बाजूने अलाहाबाद उच्च न्यायालयात उभे राहिले आणि काही महिन्यांतच फाशीचा आकडा १९ वर आला. जमाव तोच, ठाणं तेच, साक्षीपुरावा तोच. मधल्या १५३ माणसांचे जीव एकाच प्रश्नावर टांगलेले होते: जमावात असणं हाच गुन्हा मानायचा, की जमावात राहून प्रत्येकाने काय केलं ते पाहायचं?

शंभर वर्षांनीही प्रश्न तोच आहे. हा आढावा बाजू ठरवायला बसलेल्या माणसासाठी आहे. कायद्याच्या मसुद्यावर हरकती-सूचना पाठवायच्या असतील, वादसभेत बोलायचं असेल, किंवा जळत्या गाड्या पाहून आपण रागाने जे बोललो ते बरोबर होतं का, हे स्वतःशीच तपासायचं असेल. दोन्ही बाजू मी जमेल तितक्या ताकदीने मांडतो. माझं मत कुठे झुकतं तेही लपवत नाही.

‘कडक’ या एका शब्दात काय काय असतं

आपण ‘कडक शिक्षा’ असं एका दमात म्हणून टाकतो, पण त्यात निदान चार वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. तुरुंगवास किती वर्षांचा, ही एक. कलम कोणतं लावलं, ही दुसरी. एकाच दगडफेकीला दंगलीचं कलम लागू शकतं आणि सत्ता उलथवण्याचंही. तिसरी, खटला चालू असताना जामीन मिळतो की नाही. जिथे खटले वर्षानुवर्षं रेंगाळतात तिथे जामीन नाकारणं हीच खरी शिक्षा ठरते, मग पुढे माणूस निर्दोष का सुटेना. आणि चौथी, सगळ्या जमावाने जे केलं त्याबद्दल जमावातल्या प्रत्येकाला जबाबदार धरायचं का.

पहिल्या बाबतीत देशादेशांत वाटतो तितका फरक नाही. इंग्लंडच्या १९८६ च्या कायद्यात दंगलीला जास्तीत जास्त १० वर्षं आहेत, त्याखालच्या ‘हिंसक गोंधळा’ला ५. जर्मनीत साध्या प्रकाराला ३ वर्षांपर्यंत, गंभीर प्रकाराला १०. भारतीय न्याय संहितेत दंगलीला २ वर्षांपर्यंत, हाती घातक शस्त्र असेल तर ५. सार्वजनिक मालमत्तेला आग लावली तर १९८४ च्या कायद्याखाली १ ते १० वर्षं. माणसाचं आयुष्य बदलतं ते उरलेल्या तीन गोष्टींमुळे, आणि चर्चेत नेमक्या त्याच मागे पडतात.

चार माणसं

मोघम बोलण्यापेक्षा चार माणसं डोळ्यांसमोर आणू. एक मोठा जमाव सरकारी इमारतीवर चालून गेला आहे. पहिल्याच्या हातात पेट्रोलची बाटली आहे. आत पहारेकरी आहे हे त्याला दिसतंय, तरी तो ती पेटवून खिडकीतून आत टाकतो. दुसरा कठडा ढकलणाऱ्यांत आहे. एक दगड उचलून काचेवर मारतो, आवाजाने स्वतःच दचकतो आणि पळत सुटतो. तिसरा दार फुटल्यानंतर आत शिरतो. पायाखाली काचा करकरत असतात, हातातला फोन वर धरलेला असतो. दहा मिनिटं फिरून, फोटो काढून तो बाहेर येतो. चौथा आलेलाच नाही. पण कुठल्या दाराने शिरायचं, किती वाजता, कोणी काय आणायचं, हे दोन आठवडे घरबसल्या तो लोकांना कळवत होता.

टोकाचा कडक मार्ग पहिल्या तिघांना एका मापाने मोजतो: तुम्ही सगळे मिळून ती इमारत जाळलीत. टोकाचा सौम्य मार्ग पहिल्याला पकडतो, दुसऱ्याला दंड करतो, तिसऱ्याला घरी पाठवतो. चौथा या दोन्ही मार्गांत बहुतेक वेळा निसटतो. पुढचं सगळं वाचताना हे चौघे लक्षात ठेवा.

जरब बसते का?

कडक बाजूचा सगळ्यात जोरकस मुद्दा आपल्या भाषेत आधीच सांगून ठेवलेला आहे: म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. एका इमारतीच्या काचा भरून येतात. पण जमाव जमवून हवं ते मिळवता येतं आणि त्याची किंमत मोजावी लागत नाही, हे एकदा कळलं की पुढचा जमाव अधिक तयारीने येतो. म्युनिक, नोव्हेंबर १९२३. हिटलरच्या उठावात चार पोलीस ठार झाले. खटल्यात न्यायाधीशांची सहानुभूती उघड होती. आरोपीला तासन्‌तास भाषणं करू दिली गेली. शिक्षा पाच वर्षांची झाली आणि १९२४ च्या डिसेंबरमध्ये तो बाहेरही आला. तो तेव्हा जर्मन नागरिक नव्हता. कायद्याने त्याला देशाबाहेर काढता येत होतं, पण न्यायालयाने ते टाळलं. सौम्यपणाची याहून महागात पडलेली दुसरी उदाहरणं इतिहासात फारशी नसतील.

मात्र त्याच म्युनिकमधली आणखी एक गोष्ट कडक बाजूवाले सहसा सांगत नाहीत. १९१९ मध्ये तिथे डाव्यांचा उठाव झाला होता. त्याचा एक नेता ऑयगन लेविने याच्यावर देशद्रोहाचा खटला चालला आणि त्याच वर्षी त्याला गोळ्या घातल्या गेल्या. म्हणजे म्युनिकमध्ये कडक शिक्षेची कमतरता नव्हती. ती एकाच बाजूला मिळत होती. माझ्या दृष्टीने त्या निकालातला खरा दोष हा आहे, आणि तो नुसती वर्षं वाढवून भरून निघत नाही.

लंडनचा अनुभव अलीकडचा आणि मोजून पाहिलेला आहे. ऑगस्ट २०११ च्या दंगलींनंतर तिथली न्यायालयं रात्रभर चालली. तुरुंगवासाची सरासरी शिक्षा १७ महिन्यांच्या आसपास गेली. आदल्या वर्षी तशाच गुन्ह्यांना ती ४ महिन्यांच्याही आत होती. तीन अर्थशास्त्रज्ञांनी पुढे आकडे तपासले, तेव्हा दंगलीत झाले होते तशा प्रकारचे गुन्हे नंतरच्या महिन्यांत घटलेले दिसले, आणि जिथे दंगल पोचलीही नव्हती अशा भागांतही घटलेले दिसले. हा कडक बाजूच्या पदरात पडलेला भक्कम पुरावा आहे आणि सौम्य बाजूने तो नाकारू नये. त्याच अभ्यासात इतर प्रकारचे गुन्हे मात्र वाढलेले दिसले. जरब बसली, पण पाणी काही प्रमाणात दुसऱ्या वाटेने वाहिलं.

सौम्य बाजू यावर म्हणते की जरब शिक्षेच्या लांबीने बसत नाही, पकडले जाण्याच्या खात्रीने बसते. इटलीच्या चेझारे बेक्कारियाने १७६४ मध्येच हे मांडलं होतं, आणि गुन्हेगारीचा अभ्यास करणाऱ्यांत आज त्याबद्दल बऱ्यापैकी एकमत आहे. दंगलीला तर हे जास्तच लागू पडतं. जमावात शिरलेला माणूस पाच वर्षं की दहा असा हिशेब करत नसतो. इतक्या लोकांत आपण कोणाला दिसतोय, एवढंच त्याच्या मनात असतं.

मला वाटतं इंग्लंडची २०२४ ची कारवाई या वादाचा निकाल बऱ्याच अंशी लावते. साउथपोर्टमध्ये ३० जुलैला दंगल सुरू झाली आणि पुढच्या काही दिवसांत ती इतर शहरांत पसरली. पहिल्या तुरुंगवासाच्या शिक्षा ७ ऑगस्टला सुनावल्या गेल्या, आणि त्या दिवशीची सर्वांत मोठी शिक्षा होती तीन वर्षांची. एका आठवड्यात! आरोपींनी लगेच गुन्हा कबूल केला होता, आणि तिथे लवकर कबुलीला एक तृतीयांशपर्यंत सूट मिळते. रॉदरहॅमजवळ आश्रितांना ठेवलेल्या हॉटेलवर हल्ला झाला, आत माणसं असताना पेटता कचरापेटारा इमारतीला टेकवला गेला. तिथे सामील असलेल्या एकाला सप्टेंबरमध्ये नऊ वर्षं मिळाली. तीन वर्षांपासून नऊ वर्षांपर्यंतचा हा चढ कृत्याप्रमाणे होता, आणि लोकांच्या डोळ्यांसमोरचा धूर विरायच्या आत तो दिसला. उलट दहा वर्षांनी लागलेला जन्मठेपेचा निकाल म्हणजे वरातीमागून घोडं. तोवर साक्षीदार फिरलेले असतात, काही आरोपी निवडून आलेले असतात, आणि जे आत खितपत पडले त्यांतले काही निर्दोष सुटतात.

हजेरी आणि कृत्य

मी स्वतः या ठिकाणी बदललो. पूर्वी मला वाटायचं की जमावात थांबलेल्या प्रत्येकाने हिंसेला आडोसा दिलेला असतो, तेव्हा त्याचा वाटाही मोठाच. यात तथ्य आहे. पन्नास जण एकटे असते तर पोलिसांनी त्यांना अडवलं असतं. मागे पाच हजार उभे होते म्हणून पन्नास जण आत घुसू शकले. भारतीय कायद्यात याला ‘समान उद्देश’ म्हणतात: बेकायदा जमावातल्या एकाने उद्देशापोटी गुन्हा केला तर जमावातला प्रत्येक जण त्या गुन्ह्याचा दोषी. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयानेही, निवडणूक हरलेले माजी अध्यक्ष बोल्सोनारो यांच्या समर्थकांनी ८ जानेवारी २०२३ रोजी केलेल्या हल्ल्याला असंच जमावाने मिळून केलेला गुन्हा मानलं. त्या दिवशी राजधानीतली संसद, सर्वोच्च न्यायालय आणि अध्यक्षांचा प्रासाद फोडला गेला होता. सप्टेंबर २०२३ मधली पहिलीच शिक्षा १७ वर्षांची होती.

त्या तत्त्वाला जवळून पाहायचं तर न्यायालयासमोरच्या दगडी न्यायदेवतेकडे पाहावं लागतं. एका महिलेने लिपस्टिकने त्या पुतळ्यावर दोन शब्द लिहिले, ‘हरलास, गड्या’ अशा अर्थाचे. लिपस्टिक पुसली गेली. तिला १४ वर्षं झाली. न्यायालयाचं म्हणणं असं की ती शिक्षा लिपस्टिकची नव्हती. लोकांनी निवडलेलं सरकार उलथवायला आलेल्या जमावात ती जाणूनबुजून सामील झाली, त्याची होती. हा युक्तिवाद मी गांभीर्याने घेतो, कारण लष्कराने सत्ता हातात घ्यावी म्हणून ते लोक जमले होते आणि ब्राझीलने दोन दशकं लष्करी राजवट भोगलेली आहे. तरीही एका प्रश्नाचं उत्तर मला मिळत नाही. पुतळ्यावर लिहिणाऱ्या हाताला १४ वर्षं दिली, तर पेट्रोलची बाटली फेकणाऱ्या हाताला किती देणार? वरच्या पायऱ्या खालच्याच माणसांवर खर्च झाल्या की मोजपट्टी संपते.

आणि लोक ते पाहतात. त्या शिक्षेनंतर ब्राझीलमध्ये माफीची मागणी करणाऱ्यांच्या हाती एक चेहरा आला. बाटली फेकणाऱ्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही. लिपस्टिकवाल्या बाईसाठी काढतात, आणि तिच्या आडून बाकीचेही सुटू पाहतात. त्याच ब्राझीलने दुसरी एक गोष्ट फार चांगली केली, तिची चर्चा मात्र कमी झाली. हल्ल्यात न शिरता लष्करी छावणीबाहेर तळ ठोकून बसलेल्या शेकडो जणांपुढे तडजोड ठेवली गेली: गुन्हा कबूल करा, दंड भरा, समाजसेवेचे तास पूर्ण करा आणि लोकशाहीवरचा छोटा अभ्यासवर्ग प्रत्यक्ष बसून करा. अनेकांनी ती स्वीकारली.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये मसाल्ती खटल्यात याच अडचणीतून व्यवहारी वाट काढली. आरोपी खूप असतील तेव्हा एकाच साक्षीदाराने नाव घेतलं एवढ्यावर दोषी धरू नका. दोन-तीन किंवा अधिक साक्षीदारांनी त्या माणसाबद्दल जुळणारी हकिकत सांगायला हवी. नुसता बघ्या हा जमावाचा सदस्य होत नाही, हेही निकालांतून वेळोवेळी सांगितलं गेलं आहे. पश्चिम जर्मनीने १९७० मध्ये कायदाच बदलला आणि हिंसक जमावातली नुसती हजेरी शिक्षेच्या कक्षेतून बाहेर काढली.

कलम ताणण्याचा धोका अमेरिकेने अनुभवला. ६ जानेवारी २०२१ रोजी निवडणूक हरलेल्या ट्रम्प यांच्या समर्थकांनी कॅपिटॉलवर, म्हणजे अमेरिकी संसदेच्या इमारतीवर, हल्ला केला. त्यात सुमारे १४० पोलीस जखमी झाले आणि दीड हजारांहून अधिक लोकांवर खटले भरले गेले. त्यांतल्या साडेतीनशेच्या आसपास आरोपींवर सरकारी कामकाजात अडथळा आणल्याचं कलम लावलं होतं, कमाल शिक्षा २० वर्षं. ते २००२ मध्ये कंपन्यांचे हिशेबघोटाळे आणि कागदपत्रांची नासधूस रोखण्यासाठी केलेल्या कायद्यातून आलं होतं. जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ आखडता घेतला आणि ते आरोप डळमळले. साधं, नेमकं कलम लावलं असतं तर ते टिकलं असतं.

डोकं आणि हात

१७८० च्या जूनमध्ये लंडन जवळजवळ आठवडाभर जळत होतं. कॅथलिकांना थोडी मोकळीक देणाऱ्या कायद्याविरुद्ध लॉर्ड जॉर्ज गॉर्डन याने संसदेवर मोर्चा नेला आणि पुढे जमाव कोणाच्याच ताब्यात राहिला नाही. नंतर सुमारे २५ जण फासावर गेले. गॉर्डनवर देशद्रोहाचा खटला चालला आणि तो निर्दोष सुटला.

हे चित्र इतकं जुनं आणि इतकं नेहमीचं आहे की कडक-सौम्य या वादाआधी हाच प्रश्न विचारायला हवा: तुमचा कडकपणा वरपर्यंत पोचतो का? या निकषावर अलीकडचे दोन देश उजवे ठरतात. कॅपिटॉल प्रकरणातली सर्वांत मोठी शिक्षा, २२ वर्षं, ‘प्राउड बॉइज’ संघटनेचा प्रमुख एन्रिके तारियो याला झाली, आणि तो त्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये नव्हताच. ब्राझीलमध्ये माजी अध्यक्ष जाइर बोल्सोनारो यांना सप्टेंबर २०२५ मध्ये सत्तापालटाच्या कटाबद्दल २७ वर्षं ३ महिन्यांची शिक्षा झाली. म्हणजे चौथ्या माणसापर्यंत पोचता येतं. त्यासाठी निरोप, पैसा आणि नियोजन यांचा माग काढावा लागतो. ते किचकट काम आहे, चित्रफितीतले चेहरे ओळखण्याइतकं सोपं नाही.

पण चौथ्या माणसालाही माप हवं. २०११ मध्ये इंग्लंडमधल्या दोन तरुणांनी फेसबुकवर दंगलीचं आवाहन केलं. कोणीही आलं नाही. दोघांना चार-चार वर्षं झाली आणि अपिलातही ती कायम राहिली. आवाहन गंभीर होतं, मान्य. तरी ज्याच्या सांगण्यावरून कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही त्याला, दगडाने पोलिसाचं डोकं फोडणाऱ्याइतकीच शिक्षा देणं मला पटत नाही.

कारण न्याय्य असेल तर?

चौरीचौरात आज दोन स्मारकं आहेत. एक मारल्या गेलेल्या पोलिसांचं, दुसरं फाशी गेलेल्यांचं. एका पिढीचे दंगलखोर पुढच्या पिढीचे हुतात्मे होतात हे खरं आहे, आणि सौम्य बाजू त्यावर बरंच वजन टाकते. कडक बाजू उलट म्हणते की राजकीय हेतू असेल तर शिक्षा वाढायला हवी, कारण घाव एका दुकानावर नसून व्यवस्थेवर आहे.

मला दोन्ही नको. कारण चांगलं की वाईट हे न्यायाधीशाने ठरवायचं म्हटलं की तो सत्ता कोणाची आहे तिकडे पाहू लागतो, आणि आपण परत १९२४ च्या म्युनिकमध्ये पोचतो. निकालपत्रातून झेंडा, पक्ष आणि घोषणा खोडून टाका आणि उरलेलं वाचा. शिक्षा तेवढीच योग्य वाटली तर ती योग्य. दोन गोष्टी मात्र खोडता येत नाहीत, कारण त्या हेतूच्या नाहीत, परिणामाच्या आहेत. पहिली, हल्ला माणसांवर ती कोण आहेत म्हणून झाला का: त्यांची जात, धर्म, वंश, परकेपणा. रॉदरहॅमच्या हॉटेलात आत असलेल्यांसाठी ती आग राजकीय मत नव्हती. दुसरी, मतदानाने झालेला निर्णय बळाने उलटवण्याचा प्रयत्न झाला का. या दोन्हींना जास्त शिक्षा असावी, झेंडा कोणताही असो.

भरपाई

इथे फार अडायला नको, दोन्ही बाजूंना भरपाई हवी आहे. अमेरिकेत बहुतेक आरोपींकडून छोट्या गुन्ह्याला ५०० डॉलर आणि मोठ्याला २,००० डॉलर इमारतीच्या नुकसानीपोटी ठरवून घेतले गेले. ब्राझीलमध्ये दोषींवर मिळून ३ कोटी रियालची जबाबदारी टाकली गेली. भरता येईल अशी रक्कम वसूल होते. डोळे फिरवणारी रक्कम कागदावर राहते. ज्याचं दुकान जळलं त्याला तर गुन्हेगार सापडेपर्यंत थांबायला लावणंच चूक. इंग्लंडमध्ये १८८६ पासून अशी भरपाई पोलीस निधीतून देण्याचा कायदा आहे, २०१६ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली.

भरपाईच्या किंवा अतिक्रमणाच्या नावाखाली आरोपीचं घर पाडणं हा वेगळाच प्रकार. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की कोणी आरोपी आहे, एवढंच काय दोषी ठरला आहे, म्हणून घर पाडता येणार नाही. पाडकामाला किमान १५ दिवसांची नोटीस हवी. त्या घरात आई असते, लेकरं असतात. त्यांनी दगड मारलेला नसतो. मी ही कारवाई कडक आणि सौम्य यांच्या तुलनेतच धरत नाही, कारण तिला शिक्षाच म्हणता येत नाही.

माफी कोण कोणाला देतो

सौम्य बाजूचं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे माफी, आणि तिचा इतिहास वाटतो तितका वाईट नाही. १७९४ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम पेनसिल्व्हेनियात दारूवरच्या कराविरुद्ध उठाव झाला. जॉर्ज वॉशिंग्टनने जवळपास १३,००० सैनिक जमवून तो मोडला. देशद्रोहाबद्दल दोघे दोषी ठरले आणि १७९५ मध्ये वॉशिंग्टनने त्यांना माफ केलं. आधी ताकद, मग निकाल, मग क्षमा. पश्चिम जर्मनीनेही १९७० मध्ये निदर्शनांच्या काळातल्या किरकोळ शिक्षांना माफी दिली, पण त्याच वेळी कायदाही सुधारला.

यांच्या शेजारी २० जानेवारी २०२५ ठेवा. डोनाल्ड ट्रम्प यांनी शपथ घेतली त्याच दिवशी कॅपिटॉल प्रकरणातल्या सुमारे दीड हजार जणांना माफी दिली आणि आणखी १४ जणांच्या शिक्षा कमी केल्या. पोलिसांना मारहाण करणारे आणि नुसते आत फिरून आलेले एकाच यादीत. फरक डोळ्यांत भरतो: वॉशिंग्टनने स्वतःविरुद्ध उठलेल्यांना माफ केलं होतं, इथे स्वतःसाठी उठलेल्यांना माफी मिळाली. भारतात हीच गोष्ट खटले मागे घेण्याच्या वाटेने होते. सरकार बदलतं आणि ‘राजकीय आंदोलनातले गुन्हे’ मागे घेण्याचा निर्णय निघतो. न्यायालयाची परवानगी लागते, तरी सरकारी वकील अर्ज कोणाच्या सांगण्यावरून करतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आजी-माजी आमदार-खासदारांचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घ्यायला मनाई केली, ती याच कारणाने.

कडक बाजूने हे नीट समजून घ्यावं. वीस वर्षांची शिक्षा पुढच्या निवडणुकीत पुसली जाणार असेल तर ती वीस वर्षांची नसतेच. जी शिक्षा विरोधी पक्षाच्या समर्थकालाही आतून बरोबर वाटते, ती पुसायला राजकारण्याला जास्त जड जातं.

मी काय निवडेन

पहिल्याला, म्हणजे आत माणूस दिसत असताना आग लावणाऱ्याला, इंग्लंडने दिली तशी आठ-दहा वर्षं, आणि त्यात वय, पश्चात्ताप किंवा कारण पाहून फारशी सूट नाही. चौथ्याला, त्याच्या सांगण्यावरून हिंसा झाली असेल तर, पहिल्याइतकी किंवा त्याहून जास्त. या दोघांच्या बाबतीत मी कडक बाजूचा आहे.

दुसऱ्याला काही महिने ते वर्ष-दोन वर्षं, दगड कोणाला लागला का त्यावर. लवकर कबुली दिली तर सूट, काचेची भरपाई, आणि जामीन सहज मिळावा. त्याचा खटला महिन्यांत संपला नाही तर ती यंत्रणेची चूक धरावी, त्याच्या डोक्यावर मारू नये. तिसऱ्यावर गुन्हा सिद्ध व्हावा, नोंद राहावी, दंड व्हावा, समाजसेवा किंवा फार तर काही आठवड्यांची कैद. त्याला नुसतं सोडून देणं मला मान्य नाही. फुटलेल्या दारातून आत जाताना त्याने निर्णय घेतला होता.

इतक्या छोट्या शिक्षेने काय साधतं, असं कोणी विचारलं तर माझ्याकडे एकच उदाहरण आहे आणि एका उदाहरणावरून नियम काढता येत नाही हे मला कळतं. कॅपिटॉलमध्ये शिरलेल्यांत एक वयस्क महिला होती. तिने गुन्हा कबूल केला आणि ६० दिवस तुरुंगात काढले. जानेवारी २०२५ मध्ये दीड हजार जणांबरोबर तिचीही माफी आली. तिने ती नाकारली. त्या दिवशी आम्ही चुकलो होतो, असं ती म्हणाली, आणि माफी घेणं हा तिथल्या पोलिसांचा अपमान ठरेल.